अनुदान मध्येच घटले तर?

प्रश्न : अंदाजपत्रक मंजूर होऊन सहा महिने झाले आणि आमच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान १५ टक्क्यांनी कमी केल्याचे पत्र आले. सगळी कपात ग्रंथखरेदीवर पडली आणि उरलेल्या वर्षात एकही नवे पुस्तक घेता आले नाही. पुन्हा ही पाळी येऊ नये म्हणून काय करावे? – एक ग्रंथपाल

उत्तर : आधी हिशेब पाहू. शंभरातले ७० पगार, वर्गण्या, वीज आणि देखभाल यांना बांधलेले असतील, तर मोकळे उरतात ३०. त्यांतले निम्मे सहा महिन्यांत खर्च झाले की हाती राहतात १५, आणि कपात नेमके तेवढेच घेऊन जाते. तेव्हा जपायचा आहे तो हा मोकळा भाग, आणि बांधील खर्च फुगू द्यायचा नाही.

नियतकालिकांच्या वर्गण्या बहुधा वर्षभरासाठी आगाऊ भराव्या लागतात, म्हणून नूतनीकरणापूर्वीच त्यांची छाननी करावी. १२०० रुपये वर्गणीचे नियतकालिक वर्षात ३०० वेळा वाचले गेले, तर दर वाचनाला ४ पडतात. तेवढ्याच वर्गणीचे दुसरे १० वेळाच उघडले गेले, तर १२०. अर्थात एखाद्या विषयाचे ते एकमेव नियतकालिक असेल, तर केवळ आकड्यावरून ते बंद करू नये. अनेक वर्षांच्या करारांत मात्र अनुदान घटल्यास करार सोडण्याची मुभा देणारे कलम आग्रहाने घालून घ्यावे.

ग्रंथखरेदी हप्त्याहप्त्याने करावी, पण पैसे नुसते राखून ठेवू नयेत. अखर्चित रक्कम अनेक ठिकाणी वर्षअखेरीस परत जाते, शिवाय ‘यांना गरजच नव्हती’ असा अर्थही काढला जातो. प्रत्येक हप्त्याची पुस्तकयादी मंजूर करून तयार ठेवावी. नियम परवानगी देत असतील, तर देणग्यांतून राखीव निधी उभारावा आणि तो केव्हा वापरायचा, हे ठरावात लिहून घ्यावे.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू म्हणते, आणि कपातीचा घाव नेमका त्या वाढीवर बसतो. चुकलेल्या वर्षातली पुस्तके पुढे छपाईबाह्य होतात, मग पैसे आले तरी मिळत नाहीत. म्हणून ५, १० आणि १५ टक्के कपात झाल्यास कोणती सेवा किती आखडेल, याचे टिपण आताच, संकट नसताना, कार्यकारी मंडळापुढे ठेवून मंजूर करून घ्या.