घरदार : वाचक विचारतात – इसार द्यायच्या आधी एक पावसाळा

प्रश्न : येळ्ळूर रोडच्या बाजूला तीन गुंठ्याचा प्लॉट बघितलाय, एजंट म्हणतोय सध्या बाँडवर घ्या, एनए (बिगरशेती) होणारच आहे, झालं की खरेदी करून देतो. रेट शेजारच्या लेआउटपेक्षा निम्माच आहे. घरचे म्हणतात लगेच इसार देऊन सोडूया, नाहीतर दुसरा कोणतरी घेईल. काय करावं?
– एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : रेट निम्मा का आहे तेवढं एकदा एजंटला विचारा आणि तो काय उत्तर देतो ते नीट ऐका. बाँड म्हणजे शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलेला कागद, त्याने मालकी येत नाही. शंभर रुपयांच्या वरच्या जागेची खरेदी सबरजिस्ट्रारकडे नोंद झालीच पाहिजे असा कायदाच आहे, आणि मुखत्यारपत्र, करारपत्र असल्या कागदांवर मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ साली सांगून झालंय. बाँडवर तुमचं नाव उताऱ्याला लागत नाही, तिथं शेतकऱ्याचंच नाव राहतं, मग उद्या त्याच्या बहिणीने वाटणीचा दावा लावला किंवा त्याने तीच जमीन सोसायटीला तारण दिली तर तुम्ही हातात बाँड घेऊन कोर्टाच्या पायऱ्या मोजत बसणार. बँकही त्या कागदावर लोन देत नाही, आणि मी तर म्हणतो हीच सगळ्यात सोपी परीक्षा, प्लॉट आवडला की कागद घेऊन आधी बँकेत जाऊन या, लोन नको असलं तरी.

"एनए होणारच आहे" हे वाक्य आपल्याकडं कित्येक वर्षं चाललंय. एनए झालं तरी काम संपत नाही बरं का, लेआउटची मंजुरी वेगळी. शहराच्या हद्दीत बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची मंजुरी लागते, त्यात रस्ते, गटार, मोकळी जागा सोडलेली दिसते. जागा पंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीतल्या मालमत्तेची ऑनलाइन नोंद) फॉर्म ९ आणि ११ए आहे का बघा, नुसता ११बी, म्हणजे मंजुरी नसलेल्या जागेचा फॉर्म, दाखवून कोण "हे पण तेच आहे" म्हणत असेल तर तेच नाही. महापालिकेत असेल तर ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा मागा. आणि ईसी काढा, म्हणजे जागेवर कुठलं कर्ज, कुठली विक्री नोंद आहे ते कळतं. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर एप्रिल २००४ पासूनचं ऑनलाइन मिळतं, त्याच्या मागचं ऑफिसात जाऊन काढायचं. हे सगळं कन्नडात असतं. वाचता येत नसेल तर ओळखीच्या वकिलाकडून एकेक ओळ वाचून घ्या, एजंटने तोंडी सांगितलेला अर्थ धरून चालू नका.

बजेट करताना खर्चही धरा. कर्नाटकात नोंदणी फी ऑगस्ट २०२५ च्या शेवटापासून १ टक्क्याची २ टक्के झालीय, शहरातल्या प्लॉटला स्टॅम्प ड्युटी सेस-सरचार्ज धरून ५.६, म्हणजे २० लाखाच्या खरेदीला दीड लाखाच्या वर सरकारलाच जातात. वकील, एजंट वेगळे.

आता मुख्य गोष्ट. तुमचा प्लॉट येळ्ळूर रोडला म्हणताय, तिकडं बळ्ळारी नाला आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी भातात शिरतं हे बेळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी उन्हाळ्यात मुरूम टाकून चुन्याच्या रेषा मारल्या की लोक विसरतात. शेजारच्या शेतकऱ्याला गाठा आणि एवढंच विचारा, "इथं आधी काय पिकवत होता?" भात म्हणाला तर समजून घ्या की पाणी थांबणारी जागा आहे. मग जुलैमध्ये, दोन-तीन दिवस लागून पाऊस झाल्यावर, चप्पल हातात घेऊन स्वतः जाऊन या. रस्त्याच्या लेव्हलपासून प्लॉट किती खाली आहे बघा, भराव टाकायचा खर्च धरला की स्वस्तातला प्लॉट कधी महाग झाला कळत नाही. पावसाळा संपेपर्यंत थांबायला एजंट तयार नसेल तर दुसऱ्या कोणाला घेऊ दे की.

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे, दरवर्षी गळतं. मुलगा म्हणतो कौलं काढून पत्रे घालूया. घालावे का?

उत्तर : मुलाचं वय काय? गंमत सोडा, पण पत्र्याखाली मे महिन्यात एक दुपार आणि जुलैमध्ये एक रात्र झोपून बघा म्हणावं, दिवसा भाजतं आणि रात्री पावसाच्या आवाजात शेजारी काय बोलतोय ते ऐकू येत नाही.

गळती बहुतेक वेळा चार ठिकाणी असते : आढ्यावरची कौलं जिथं चुन्यात बसवलीत तो चुना सुटलेला असतो, भिंत आणि छप्पर जिथं मिळतं तिथं, रीप (कौल टेकतं ती लाकडी पट्टी) कुजून बसलेली असते, आणि तुमच्याकडं चौथं कारण म्हणजे वानरं. एक टोळी उड्या मारत गेली की पाच-सात कौलं सरकलीच, तडा गेलेलं कौल खालून दिसतही नाही. भर उन्हात आतून दिवे बंद करून वर बघा, जिथं उजेडाची चीर दिसते तिथं खडूने वाशावर खूण करा. शाकारणी रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधी उरकायची, मृगाचा पाऊस सुरू झाला की माणसं मिळत नाहीत आणि ओल्या शेवाळलेल्या कौलावर कोणाला चढवूही नये. थेट कौलावर पाय न देता फळी टाकून चढायचं.

फुटलेलं बदलायला नवीन कौल आणताना जुन्यातलं एक सोबत न्या. मंगळुरी कौल सगळं सारखंच दिसतं पण कारखान्याकारखान्याचा साचा वेगळा, खोबण दुसऱ्याच्या खोबणीत बसत नाही, मग बसवलेलं नवीन कौलच गळायला लागतं. गावात कोण जुनं घर पाडत असेल तर त्याच मार्काची पन्नासेक कौलं मागून मागच्या परड्यात रचून ठेवा. रीपाच कुजल्या असतील तर त्या बदला, कौलं तीच राहू देत.

प्रश्न : निपाणीजवळ नवीन बांधलेल्या घराला दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा पडल्यात, ठेकेदार म्हणतो प्लास्टरच्या आहेत, पुट्टी मारतो. खरं काय?

उत्तर : केसासारख्या वेड्यावाकड्या असतील तर प्लास्टरच्या. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या जात असतील, उन्हाळ्यात उघडत आणि पावसात मिटत असतील तर खालची काळी माती बोलतेय. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, बाजूला तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय, तेव्हा पुट्टीचे पैसे फुकट. तोवर घराभोवती तीन फुटांची बाहेर उतार दिलेली फरशी करून घ्या, पागोळ्याचं पाणी पायाशी पडू देऊ नका, नळ-बाथरूमची पाइप गळतेय का तपासा, आणि भिंतीला खेटून झाड लावू नका. पट्टी पुन्हा पुन्हा तडकत राहिली तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, ठेकेदाराला नको.

प्रश्न : गावची महालक्ष्मी यात्रा येणाऱ्या उन्हाळ्यात, बऱ्याच वर्षांनी. बाहेरून रंग आत्ता द्यावा की यात्रा झाल्यावर? पाहुणे भरपूर येणार.

उत्तर : पाहुणे येणार म्हणजे रंग आधीच, नाहीतर घरातल्या बायका ऐकून घेणार नाहीत! पण भंडारा, म्हणजे यात्रेत उधळतात ती हळद, ध्यानात ठेवा. हळदीला चुना लागला की लाल होते, त्यामुळं ताज्या चुन्याच्या भिंतीवर भंडारा उडाला की पिवळ्याऐवजी लालसर डाग उठतात आणि ते पुसून जात नाहीत. म्हणून रस्त्याकडच्या भिंतीला धुता येणारा एक्स्टिरिअर इमल्शन मारा, त्यावरचा भंडारा पाण्याने बराच जातो आणि राहिलेला पिवळा उन्हानेच फिका पडतो. रंगाऱ्याला दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा, सगळ्या गावाला एकाच महिन्यात रंगारी पाहिजे असतो.

प्रश्न : कपिलेश्वर तलावाच्या बाजूला भाड्याचं घर घेतलंय, सामान अनंत चतुर्दशीला सुट्टी म्हणून हलवायचा विचार आहे.

उत्तर : नको. त्या दिवशी टेम्पो तिथवर येणारच नाही, विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. आठवडाभर आधी जा किंवा दोन दिवसांनी, आणि गल्लीतल्या मंडळाची पोरं वर्गणीला आली तर भाडेकरू आहे म्हणून टाळू नका, सोफा वर चढवायला तीच येतील.