बॅक इन्फ्लेट जॅकेट तोंडावर पाडतं का?

प्रश्न : मी ४७ वर्षांची, कोथरूडला राहते. मागच्या वर्षी अंदमानात स्वराज द्वीपला (आपलं जुनं हॅवलॉक) ओपन वॉटरचा (स्कूबा डायव्हिंगचा पहिला) कोर्स केला आणि तेव्हापासून स्कूबाचं वेडच लागलंय. त्रास एकच, भाड्याचं जॅकेट (बीसीडी, म्हणजे हवा भरून-सोडून पाण्यात तरंगणं सांभाळायचं जॅकेट) वर आल्यावर फुगवलं की पोट-छाती अशी आवळते की श्वास पुरत नाही. आता डिसेंबरात तारकर्लीला जातोय तर स्वतःचंच बीसीडी घ्यावं म्हणते. इन्स्ट्रक्टर म्हणतात बॅक इन्फ्लेट घ्या, नवऱ्याचा मित्र म्हणतो अजिबात नको, वर आलं की तोंडावर पाडतं. एक सेकंडहँडही मिळतंय. काय करू?

उत्तर : ताई, दोघंही खरं बोलतायत, फक्त अर्धं अर्धं.

आधी तुमचं आवळणं. साध्या जॅकेटमध्ये हवेची पिशवी पाठीकडून बगलेखालून पोटापर्यंत आलेली असते, त्यामुळे ते फुगलं की चारही बाजूंनी तुम्हालाच दाबतं. बॅक इन्फ्लेटमध्ये सगळी हवा पाठीमागे, सिलेंडरच्या दोन्ही बाजूंना. पुढे नुसते पट्टे. कितीही फुगवा, छाती मोकळी. शिवाय पाण्याखाली शरीर आपोआप आडवं राहतं, पाय खाली लोंबत नाहीत, फिन मारताना तळाची वाळू उडत नाही, आणि मालवणच्या पाण्यात आधीच किती दिसतं ते तुम्ही जाऊन बघालच, त्यात आपण अजून गढूळ कशाला करा.

आता तोंडावर पाडण्याचं. माझ्यावर हे नेत्राणीला (कर्नाटकातलं मुरुडेश्वरजवळचं बेट) गुदरलंय. पहिल्यांदाच बॅक इन्फ्लेट घातलेलं, वर आल्या आल्या सवयीने बटण दाबून धरलं ते पार व्हॉल्व्हमधून हवा फुस्स करून सुटेपर्यंत, आणि मग दहा मिनिटं बोट येईपर्यंत मी पालथ्या कासवासारखा मान वर काढत बसलो. दोष जॅकेटचा नव्हता. हवा पाठीमागे आणि शिसं (खाली जाता यावं म्हणून लावतात ते वजन) सगळं पुढे कमरेच्या खिशात, मग हलकी बाजू वर येणार आणि जड बाजू खाली जाणार, म्हणजे आपण पालथे. त्यात आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचं ११ लिटरचं सिलेंडर मिळतं. ते भरलेलं असताना बुडतं, पण त्यातली २०० बार दाबाची हवाच जवळपास अडीच किलोची असते, ती संपत आली की तेच सिलेंडर तरंगायला लागतं आणि पाठीमागून अजून ढकलतं.

उपाय सोपा आहे. थोडं शिसं पुढून काढून सिलेंडरच्या पट्ट्यावरच्या मागच्या खिशांत टाकायचं. वर आल्यावर हनुवटी पाण्याबाहेर राहील एवढीच हवा भरायची आणि आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे रेलून पाय पुढे टाकायचे. दोन डाइव्हमध्ये अंगवळणी पडतं.

पण खरी गोम वेगळीच आहे, आणि नवीन जॅकेट घेऊन ती सुटणार नाही. तुम्हाला शिसं किती लावतात? भाड्याच्या ठिकाणी नवख्याला दोन किलो जास्तच देतात, म्हणजे खाली नेताना कटकट नको. ते जास्तीचं शिसं सांभाळायला जॅकेटात जास्तीची हवा, आणि हवा जास्त की आवळणंही जास्त, पालथं होणंही जास्त. तेव्हा तारकर्लीला पहिल्या डाइव्हच्या शेवटी, पाण्यावर आल्यावर, सिलेंडरमध्ये ५० बार उरलेले असताना, जॅकेट पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन रोखा आणि सरळ उभ्या राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं तर वजन बरोबर. डोकं पार खाली गेलं तर एकेक किलो कमी करून बघा. कुणी सांगावं, भाड्याचंच जॅकेट आवडायला लागेल.

तरी घ्यायचंच असेल तर लिफ्टच्या (जॅकेट किती वजन तरंगवून धरतं त्याच्या) मोठ्या आकड्याला भुलू नका. कोमट पाणी, ३ मिलिमीटरचा सूट आणि एक सिलेंडर याला १२ ते १४ किलो लिफ्ट भरपूर झाली. लेबलवर न्यूटन लिहिलेलं असेल तर शेवटचं शून्य काढा, साधारण किलो मिळतात. त्याहून मोठी पिशवी म्हणजे पाण्यात नुसतं ओझं. मापाचं पुण्याच्या माणसाला काय सांगायचं, तोरण्याला न्यायची सॅक जशी घालून बघता तसंच, फक्त सूट घालून. पूर्ण फुगवा, खोल श्वास घ्या. मग डोळे मिटून इन्फ्लेटरची (हवा भरायची आणि सोडायची) दोन्ही बटणं, वजनाच्या खिशांची हँडल आणि मागे कुल्ल्यापाशी असलेल्या डंप व्हॉल्व्हची (हवा सोडायच्या झडपेची) दोरी हाताला लागते का ते बघा. ही दोरी महत्त्वाची, कारण आडवं असताना इन्फ्लेटरची नळी कितीही वर धरली तरी हवा सगळी निघत नाही, कंबर जरा उचलून ती दोरी ओढावी लागते. क्रॉच स्ट्रॅप (दोन पायांमधून जाणारा पट्टा) असेल तर उत्तम, जॅकेट कानापर्यंत चढत नाही.

सेकंडहँडवाल्याला सांगा एक रात्र घरी ठेवते. तोंडानं पूर्ण फुगवून कॉटवर ठेवा, सकाळी मऊ पडलं असेल तर परत देऊन टाका. हलवून बघा, आत मिठाचे खडे खुळखुळतायत का. आणि हवा भरायचं बटण दाबून सोडल्यावर चटकन वर आलं पाहिजे. ते मिठानं अडकलं तर पाण्याखाली जॅकेट आपोआप फुगत जातं आणि माणूस वर खेचला जातो. तसं कधी झालंच तर लो प्रेशरची नळी (सिलेंडरची हवा जॅकेटात आणणारी) लगेच उपसायची आणि हवा सोडत राहायची, हे आत्ताच दहा वेळा हातानं करून ठेवा.

नवीन घ्या नाहीतर जुनं, तारकर्लीहून आल्यावर आतूनही गोड्या पाण्यानं धुवा. नळीतून दोन तांबे पाणी ओता, हलवा, उलटं करून काढा. आणि अर्धं फुगवून सावलीत टांगा. गच्चीवर उन्हात पापडासारखं वाळत घालू नका.