इबिझाला निघण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

स्पेनच्या इबिझा बेटावरील तुझ्या नियोजित लेखाचा आराखडा वाचला. ‘निरागस बेट पर्यटनाने नासले’ हे सूत्र तू तिथे पाऊल ठेवण्यापूर्वीच ठरवून टाकले आहेस आणि माझी हरकत तेवढ्यापुरतीच आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेले, पुढे रोमन आणि अरब अंमल पाहून १२३५ मध्ये ईशान्य स्पेनमधल्या कॅटलन लोकांच्या ताब्यात गेलेले आणि शतकानुशतके मिठागरांवर जगलेले हे बंदर परक्यांना कधीच नवखे नव्हते.

सुरुवात जमिनीपासून कर. जुन्या वाटणीत आतल्या भागातली कसदार शेते बहुधा थोरल्या वारसाकडे जात आणि किनाऱ्याची खडकाळ, खारवट जमीन धाकट्यांच्या पदरात पडे. साठच्या दशकात विमाने भरून प्रवासी येऊ लागले, तेव्हा त्याच टाकाऊ किनाऱ्यावर हॉटेले उभी राहिली, धाकट्यांच्या हाती पैसा खेळू लागला आणि थोरला आपली बदामाची झाडे राखत राहिला. घरातला मान कोणाचा, लग्नात कोणाचा शब्द चालायचा, हे सारे एका पिढीत हलले. हा बदल डिस्कोथेकमध्ये दिसत नाही. तो गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलून समजून घ्यावा लागतो.

हिप्पींविषयी लिहिताना गोव्याचा उल्लेख तू करशीलच, आणि तो रास्तही आहे, कारण उन्हाळा इबिझात आणि हिवाळा हणजुण्यात काढणारे बरेच जण होते. स्थानिक लोक त्यांना ‘पेलुत’, म्हणजे केसाळ, म्हणत. मात्र १९७३ साली एस कानार येथे हिप्पी बाजार सुरू झाला आणि त्याच वर्षी पाचा हा नाइटक्लबही उघडला, हे विसरू नकोस. म्हणजे आधी साधेपणा आणि मग धंदा, असा सोयीचा क्रम लावता येणार नाही. (हणजुण्याविषयीही आपण असाच क्रम लावतो.)

इबिझा हे स्पॅनिश नाव. तिथली माणसे आपल्या कॅटलन भाषेत बेटाला एइविसा म्हणतात. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत शाळेतून हद्दपार असलेल्या कॅटलनला १९८३ पासून स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत दर्जा आहे, पण बाजारात आणि बांधकामावर कानी पडते ती बहुतेक स्पॅनिशच. दर्जा आणि वापर यांतले हे अंतर मराठी माणसाला निराळे समजावून सांगायला नको.

जायचे तर फेब्रुवारीत जा. क्लब बंद असतात, सांता अग्नेसच्या खोऱ्यात बदाम फुललेला असतो आणि लोकांना बोलायला सवड असते. एखाद्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला घरभाडे विचार. तिथे कित्येक घरे केवळ हिवाळ्यापुरती भाड्याने मिळतात; मे महिन्यात घरमालकाने पर्यटकांसाठी जागा रिकामी करायला सांगितली की ती कुठे राहायला जाते, तेही विचार. उत्तरात मोटारगाडीचा किंवा कॅरॅव्हॅनचा (चाकांवरच्या घराचा) उल्लेख आला, तर संकोच न करता ती पाहू देण्याची विनंती कर.

कळावे.