दोन दिवसांनी हुकलेलं वर्ष

"डॉक्टरांनी २९ ऑगस्ट तारीख दिली होती मॅडम. ही आली २ सप्टेंबरला."

मुक्ताच्या आईचं हे पहिलंच वाक्य. चौदा वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाची तक्रार घेऊन माझ्याकडे सहसा कुणी येत नाही, त्यामुळे मी गोंधळले. खुलासा बाबांनी केला. नोकरीमुळे हे कुटुंब डिसेंबरअखेर परदेशात आलं होतं. मुक्ता (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) आधीच्या शाळेत नववीत होती, अर्धं वर्ष संपलेलं. इथल्या ब्रिटिश शाळेने तिला इयर नाइनमध्ये जागा दिली. ओळखीच्या चार जणांनी मात्र यांना सांगून ठेवलं होतं की ब्रिटिश शाळेत इयत्तेचा आकडा एकाने वाढतो, नववीला इयर टेन मिळतं.

"नववीतली मुलगी पुन्हा नववीत. तिचं वर्ष वाया जाणार ना?"

बदल्यांच्या मोसमात हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मी आता बदली झालेल्या कुटुंबांसोबत काम करते, त्याआधी काही वर्षं अशाच एका शाळेत समुपदेशक होते. टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून सांगते, या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आकडा वाढतो हे खरं आहे. तिथे इयर वन पाच पूर्ण झालेल्या मुलांचं असतं, त्याच्याही आधी रिसेप्शनचं वर्ष. पण मूल नेमकं कुठे बसणार ते ३१ ऑगस्टला त्याचं वय किती पूर्ण झालंय यावर ठरतं. त्या दिवशी १४ पूर्ण असतील तर इयर टेन, १३ असतील तर इयर नाइन. मुक्ताचं गाडं दोन दिवसांवर अडलं होतं. आईचा राग डॉक्टरांवर का, ते मला तेव्हा उमगलं.

काही शाळा हा नियम थोडाफार वाकवतात. पण इयर टेनच्या दारात त्या ताठ होतात, कारण आयजीसीएसईचा, म्हणजे इयर इलेव्हनच्या शेवटी द्यायच्या शालान्त परीक्षेचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी तिथे सुरू होतो. कागदावर सहा टर्म दिसतात. परीक्षा मेच्या सुमारास लागते, त्याआधी हिवाळ्यात मॉक म्हणजे सराव परीक्षा, त्यामुळे शिकवायला मिळतात जेमतेम पाच. जानेवारीत येणाऱ्या मुलाची त्यातली एक गेलेली असते.

हे सगळं मी बाबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मुलगी हुशार आहे, भरून काढेल." मग बॅगेतून एक कागद काढला. प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या कॅट फोर या क्षमता चाचणीचा अहवाल होता तो. या चाचणीत शाब्दिक, अशाब्दिक, संख्यात्मक आणि अवकाशीय असे चार भाग असतात आणि सरासरी १०० धरलेली असते. मुक्ताचे तीन आकडे १००च्या बरेच वर होते, शाब्दिकचा खाली. बाबांना वाटलं होतं, त्या एका आकड्यामुळे शाळेने मुलीला 'ढ' ठरवून मागे टाकलं. असा अहवाल उलट आशादायक असतो. बाकीचे तीन वर आणि शाब्दिक एकटा खाली असेल, तर पहिला संशय इंग्रजीवर घ्यायचा, बुद्धीवर नाही. अशा मुलाला ईएएल म्हणजे इंग्रजीचा जादा आधार किती तास मिळणार आणि त्याचे पैसे वेगळे लागणार का, हे शाळेला विचारायचं. यांनी ते विचारलंच नव्हतं. अपमान झाला असं वाटलं की आपण प्रश्न विचारायचे विसरतो.

पुढच्या दोन भेटी मी मुक्तासोबत एकटीने घेतल्या. वाया घालवल्या म्हटलं तरी चालेल. मी मैत्रिणींबद्दल विचारलं, आठवणींबद्दल विचारलं, सुटलेल्या घराबद्दल विचारलं. ती सभ्यपणे उत्तरं देत राहिली. मैत्रिणींशी रोज बोलणं होतं. घर आठवतं. झोप येते. माझ्या मनात 'स्थलांतर म्हणजे विरह' हे समीकरण इतकं पक्कं होतं की समोर बसलेली मुलगी कंटाळली आहे, हेही मला दिसलं नाही.

तिसऱ्या भेटीत तिनेच विचारलं, "मी सांगितलेलं बाबांना सांगणार का?"

याचं उत्तर मी प्रत्येक मुलाला सारखंच देते, ब्रिटिश शाळांमध्ये तशीच शिस्त असते. सगळं गुप्त ठेवीन असं वचन मी देत नाही. तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका आहे असं वाटलं तर मला योग्य माणसाला सांगावंच लागेल. बाकीचं तुला विचारून. (शाळेत हा योग्य माणूस ठरलेला असतो, त्याला सेफगार्डिंग लीड म्हणतात. प्रवेशाआधी त्याचं नाव विचारा. ते पटकन सांगता आलं नाही तर मी त्या शाळेबद्दल सावध होईन.)

मग तिने माझ्या वहीवर चौकोन काढायला सुरुवात केली. आयजीसीएसईला इंग्रजी, गणित, विज्ञान बहुधा सक्तीचं असतं, उरलेले विषय मुलं निवडतात. हे विषय शाळा वेळापत्रकाच्या गटांमध्ये बसवते आणि एका गटातून एकच घेता येतो. इयर टेनच्या मुलांनी आपली निवड आदल्या वर्षीच केली होती. मुक्ताला हवी होती चित्रकला. त्या वर्गात जागा नव्हती, शिवाय तिथल्या मुलांचं कोर्सवर्क, म्हणजे गुणांत धरलं जाणारं वर्षभराचं काम, एक टर्म पुढे गेलेलं. "इयर टेनला गेले तर मला उरलेले विषय मिळतील. इयर नाइनवाले पुढच्या महिन्यात फॉर्म भरणार आहेत. मीही भरू शकते."

मग घरी का नाही सांगितलं?

"बाबांनी सगळ्यांना इयर टेन सांगून टाकलंय."

तिच्या परवानगीने पुढची भेट चौघांची झाली. चित्रकलेचं ऐकून बाबा गप्प झाले, पण लगेच मऊ झाले असं नाही. आणि आता जे सांगते त्यात त्यांची बाजू मला वाटलं होतं त्यापेक्षा भक्कम निघाली. मी कागदावर कॅलेंडर आखलं. त्यांचा करार दोन वर्षांचा, म्हणजे डिसेंबरला संपणारा. मुक्ता इयर टेनला बसली असती तर तोवर तिची आयजीसीएसई होऊन गेली असती. इयर नाइनला बसली तर करार संपताना ती इयर इलेव्हनच्या मध्यावर, परीक्षेला पाचेक महिने उरलेले. ही शाळा बदलायची सर्वांत वाईट वेळ. 'दुसऱ्या देशातही ब्रिटिश शाळा असेलच' हा दिलासा इथे कामाला येत नाही. एक शाळा केंब्रिज या परीक्षा मंडळाची परीक्षा घेते, दुसरी पिअर्सन एडेक्सेल या मंडळाची, आणि विषयाचं नाव तेच असलं तरी अभ्यासक्रम वेगळा.

सगळ्या वादात हा कागद कुणीच आखला नव्हता, मीही नाही. वर्ष वाया जाण्याची खरी भीती होती ती तिथे, दोन वर्षांपुढे. बाबांनी कंपनीला लेखी विचारलं. मुदतवाढ मिळाली नाही तरी कुटुंबाचा व्हिसा आणि शाळेचा खर्च परीक्षेच्या जूनपर्यंत चालेल का? तीन आठवड्यांनी होकार आला. नकार आला असता तर मी कदाचित इयर टेनच्या बाजूने बोलले असते, चित्रकला सोडावी लागली तरी. ते मला तिच्यासमोर म्हणावं लागलं आणि तिला ते आवडलं नाही.

त्या तीन आठवड्यांत आईने शाळेला एक लांब ईमेल पाठवला, आम्ही दोघींनी मिळून लिहिलेला. गणितात तिला कोअरला म्हणजे सोप्या स्तराला बसवणार की एक्स्टेंडेडला म्हणजे वरच्या? शाळा केंब्रिजची होती आणि तिथे ए स्टार ते जी या श्रेणीत कोअरच्या विद्यार्थ्याला जास्तीत जास्त सी मिळतो, मूल कितीही चमकलं तरी. इंग्रजी प्रथम भाषा म्हणून की द्वितीय? परीक्षेची फी वार्षिक शुल्कात आहे की वेगळी? शाळा सोडताना किती आधी कळवायचं? अनेक शाळांत पूर्ण एक टर्म आधी सांगावं लागतं, नाहीतर त्या टर्मचे पैसे द्यावे लागतात. आणि शाळेची बीएसओ म्हणजे ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज तपासणी झाली आहे का? इंग्लंडच्या शिक्षण खात्याची ही योजना ऐच्छिक आहे, अहवाल कुणालाही वाचता येतो. नुसता पाटीवरचा 'ब्रिटिश' शब्द काहीच सिद्ध करत नाही. उत्तरं आली, एक सोडून. कोअर-एक्स्टेंडेडचं "नंतर ठरवू" असं कळवलं, म्हणून आईने "कधी आणि कशावरून" असं परत विचारलं. दोन सप्टेंबरची हळहळ त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकली नाही.

जाता जाता बाबांचा आणखी एक समज मला मोडावा लागला. ब्रिटिश शाळेत शिकल्यामुळे ब्रिटनच्या विद्यापीठात तिथल्या मुलांइतकी फी लागेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तसं नसतं. त्यासाठी सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची तीन वर्षं तिथलं वास्तव्य लागतं आणि इतर अटी वेगळ्याच. बाहेरच्या देशातली शाळा त्यात मोजत नाहीत. बाबांनी मोबाईलवर काहीतरी आकडेमोड केली आणि खिशात ठेवून दिला.

मुक्ताने फेब्रुवारीत फॉर्म भरला. चित्रकला, भूगोल, आणि बाबांसाठी तिन्ही विज्ञानं वेगवेगळी. ही तडजोड तिने स्वतः केली, मला नंतर कळली. सप्टेंबरमध्ये वाढदिवसाच्याच आठवड्यात ती इयर टेनला गेली. कुणी विचारलं की बाबा आता "टेन्थला आहे" म्हणतात आणि पुढचा खुलासा करत नाहीत.