प्रश्नोत्तरे : मधुमेही पायाची जखम आणि जगण्याचं मोजमाप

प्रश्न : आमच्या ड्रेसिंग कक्षात जखमेची लांबी, रुंदी, खोली नियमित नोंदली जाते. आता रुग्णाच्या जीवनगुणवत्तेचीही नोंद ठेवायचं ठरलं आहे. इतक्या प्रश्नावल्यांतून कोणती घ्यावी? (परिचारिका)

नोंद कशासाठी हवी ते आधी ठरवा, मग प्रश्नावली निवडा. काही प्रश्नावल्या कुठल्याही आजाराला चालतात. ईक्यू-५डी त्यातलीच. हालचाल, स्वतःची निगा, रोजची कामं, वेदना आणि चिंता-नैराश्य असे पाच प्रश्न, शेवटी आपल्या तब्येतीला गुण द्यायची ० ते १०० ची उभी पट्टी. काही मिनिटांत उरकते, आणि उपचाराच्या खर्चाचा व फायद्याचा हिशेब मांडायचा असेल तर तीच उपयोगी पडते. एसएफ-३६ मध्ये ३६ प्रश्न आणि आठ विभाग आहेत. इतर आजारांशी तुलना करायला दोन्ही उत्तम. पण जखमेचा वास, ड्रेसिंगचा जाच, नवी जखम होण्याची धास्ती यांबद्दल त्या काहीच विचारत नाहीत.

ते विचारणाऱ्या प्रश्नावल्या वेगळ्या. डायबेटिक फूट अल्सर स्केल (डीएफएस) मूळ ५८ प्रश्नांची आहे, तिची छोटी आवृत्ती २९ प्रश्नांची. छोटीत सहा विभाग आहेत : विरंगुळा, शारीरिक आरोग्य, परावलंबन व रोजचं जगणं, नकारात्मक भावना, पायाबद्दलची चिंता आणि ड्रेसिंगचा त्रास. वूंड-क्यूओएल कुठल्याही जुनाट जखमेला चालते. तिच्यात गेल्या सात दिवसांबद्दल १७ प्रश्न आहेत आणि त्यात जखमेच्या खर्चाचा भार किती वाटतो हेही थेट विचारलेलं आहे.

तुमच्या कामाला आम्ही वूंड-क्यूओएल आणि जोडीला ईक्यू-५डी सुचवू. फक्त पायाच्या जखमांचाच विभाग असेल तर वूंड-क्यूओएलच्या जागी छोटी डीएफएस घ्या. सगळ्या एकदम लावू नका. कंटाळलेला माणूस सरसकट मधल्या खान्यात खुणा करत सुटतो, आणि असे गुण नसलेलेच बरे.

चुका होतात त्या गुण मोजताना. डीएफएसमध्ये जास्त गुण म्हणजे चांगलं, वूंड-क्यूओएलमध्ये (० ते ४) जास्त गुण म्हणजे वाईट. डीएफएसच्या विरंगुळा विभागात पाच प्रश्न आहेत, प्रत्येकाचं उत्तर १ ते ५, आणि मोठा आकडा म्हणजे जास्त अडचण. समजा उत्तरं ४, ३, ४, ३, ४ आली. प्रत्येक उत्तर ६ मधून वजा करून उलटवलं की २, ३, २, ३, २, म्हणजे बेरीज १२. त्यातून किमान शक्य बेरीज ५ वजा करा, २० ने भागा, १०० ने गुणा : ३५. उलटवायचं राहिलं तर हाच माणूस ६५ गुणांवर जातो आणि फाइलमध्ये मजेत असल्याचं दिसतं! फॉर्मच्या डोक्यावरच ‘जास्त = चांगलं’ किंवा ‘जास्त = वाईट’ असं ठळक छापून ठेवा.

फॉर्म ड्रेसिंग सोडण्याआधी भरून घ्या. ईक्यू-५डी ‘आज’बद्दल विचारते, जखम खरवडून साफ केल्यावर भरली तर त्या अर्ध्या तासाचेच गुण मिळतील. पहिली भेट, मग ४ आणि १२ आठवडे, आणि जखम भरल्यानंतर एकदा, एवढं पुरे. प्रश्नावलीच्या हक्कधारकांची परवानगी आधी घ्या आणि प्रश्नांचे शब्द मनाने बदलू नका.

प्रश्न : तळपायाला खोल जखम असलेले काही रुग्ण वेदनेच्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ म्हणतात. ही उत्तरं धरायची का? (निवासी डॉक्टर)

धरायची. मज्जातंतू निकामी होऊन पाय बधिर झालेला असतो, म्हणून तर जखम लक्षात न येता वाढलेली असते. उत्तर खरंच आहे. त्यावरून जखम सौम्य असा अर्थ लावणं मात्र चूक. म्हणून गुणांशेजारी सिनबॅड ही जखमेची तीव्रता मोजणारी पट्टी नोंदवा : जखमेची जागा, रक्तपुरवठा, बधिरपणा, संसर्ग, क्षेत्रफळ (१ चौरस सेंटिमीटर ही सीमा) आणि खोली, प्रत्येकी ० किंवा १, एकूण ० ते ६.

चालण्याच्या प्रश्नावरही असाच घोळ होतो. पायावरचा भार काढण्यासाठी गुडघ्यापर्यंतचं, न काढता येणारं प्लास्टर घातलेला माणूस विचारतो, “मला चालता येतं, पण तुम्हीच चालू नका म्हणालात, मग कुठे खूण करू?” अशा वेळी अर्थ सांगत बसू नये. प्रश्न जसाच्या तसा पुन्हा वाचा आणि ‘तुम्हाला जे लागू पडतं ते’ एवढंच म्हणा. प्लास्टर आहे की काढता येणारा बूट, हे समासात लिहा. उपचार योग्य चालले असताना हालचालीचे गुण घसरलेले दिसले तर पुढे त्याचा उलगडा याच नोंदीने होतो.

प्रश्न : वडिलांना नीट दिसत नाही. त्यांच्या वतीने मी फॉर्म भरू का? (मुलगी)

वाचून दाखवायला हरकत नाही, पण उत्तर त्यांचंच हवं. खरं तर वाचायला घरचं माणूस नसलेलंच चांगलं. ‘इतरांवर अवलंबून राहावं लागतं का’ या प्रश्नाला तुमच्यासमोर ते तुम्हाला वाईट वाटणार नाही असंच उत्तर देतील. परिचारिकेला वाचायला सांगा, आणि दर वेळी पद्धत तीच ठेवा. ते स्वतः उत्तर देण्याच्या स्थितीतच नसतील, तर ईक्यू-५डीची निकटवर्तीयांसाठी वेगळी आवृत्ती आहे. तिचेही दोन प्रकार : एकात तुमचं मत, दुसऱ्यात ‘ते स्वतः काय म्हणाले असते’ हे. दोन्हींची सरमिसळ नको.

प्रश्न : माझ्या प्रबंधात १२ आठवड्यांनी सरासरी गुण सुधारले. मार्गदर्शक समाधानी नाहीत. का? (पदव्युत्तर विद्यार्थी)

बाराव्या आठवड्याला उत्तर द्यायला कोण उरलं, ते पाहा. ज्यांचा पाय कापावा लागला, जे दवाखान्यात भरती आहेत, जे दगावले, ते सरासरीतून गळतात आणि उरलेल्यांची सरासरी आपसूक वर जाते. गळालेल्यांचे सुरुवातीचे गुण वेगळ्या तक्त्यात द्या. वूंड-क्यूओएलचे १७ पैकी किमान १३ प्रश्न सोडवलेले नसतील तर एकूण गुण काढू नका. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ‘लक्षणीय’ आहे एवढ्याने भागत नाही. तो रुग्णाला जाणवण्याइतका आहे का, हेही लिहा. वूंड-क्यूओएलमध्ये साधारण अर्धा गुण ही त्याची सीमा धरतात.

प्रश्न : जखम दोन महिन्यांपूर्वी भरली, तरी पुन्हा फॉर्म भरायला सांगतात. आता काय मोजायचं राहिलं? (वाचक)

धास्ती. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के आहे, त्यामुळे तुम्हाला भीती वाटत असेल तर ती अनाठायी नाही. फॉर्ममध्ये ती लपवू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. त्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही वेगळी चाचणी आहे. रोज दोन्ही तळपाय पाहा. त्वचेचं तापमान मोजण्याचं साधन असेल तर दोन्ही पायांच्या त्याच जागी मोजा. सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सियसहून जास्त फरक आला तर चालणं कमी करा आणि दवाखाना गाठा.