चेक म्हणजे शहच

प्रश्न असा आहे: बँकेचा चेक, डॉक्टरकडचं चेकअप, चेक्सचा शर्ट आणि हॉटेलातलं चेकआउट हा एकच शब्द, की योगायोगाने सारखे वाजणारे चार? आणि जाता जाता, चेक म्हणावं की धनादेश?

एकच शब्द. आणि जन्माने तो इंग्रजी नाही.

‘तपासणे’ हा अर्थ मी सोडून देतो. मेसेज चेक कर, गॅस चेक कर, एवढं सगळ्यांना येतं. इतकं येतं की ‘कृपया चेक करून तपासून घ्यावे’ असं छापील पत्रातही वाचायला मिळतं आणि लिहिणाऱ्याला काही खटकत नाही. पण हा अर्थ या घराण्यातलं शेंडेफळ आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागलेलं. थोरल्याला भेटायचं तर बुद्धिबळाच्या पटाशी बसावं लागेल.

फारसीत राजा म्हणजे शाह. समोरच्या राजावर रोख धरला की ‘शाह!’ म्हणून सावध करायचं. आपला चतुरंग इराणात चतरंग झाला, अरबांकडे शतरंज झाला आणि तिथून युरोपात गेला. वाटेत त्या ‘शाह’चं लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत ‘चेक’. खेळाचं ‘चेस’ हे नावसुद्धा त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलं.

आता मराठीत बघा. आपण राजाला काय देतो? शह. तोच शाह, फक्त फारसीतून सरळ आलेला. एक भाऊ दख्खनेत उतरला, दुसरा युरोप फिरून बँकेच्या काउंटरवर पोचला. ‘चेकला मराठीत काय म्हणायचं’ असं कुणी विचारलं की मी ‘शह’ सांगतो. लोकांना ती थट्टा वाटते.

शहाचा विषय निघालाच आहे तर वर्तमानपत्रांचंही बोलून घेतो. ‘अमक्याचा तमक्याला शह’ असा मथळा, आणि खाली बातमी काय, तर तमका पडला आणि अनामतही गेली. अहो, ती मात झाली! शह म्हणजे नुसता धोका. राजाला सरकायला घर असतं, मध्ये मोहरं घालता येतं, शह देणारं मोहरं मारता येतं. म्हणून तर ‘काटशह’ हा शब्द संभवतो. पडलेला उमेदवार काटशह कुठून देणार? इंग्रजीने ही छटा नीट सांभाळली. तिथे चेक म्हणजे रोखणं, लगाम घालणं. अमेरिकी राज्यघटनेच्या चर्चेत ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ सारखं येतं. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, विधेयक नाकारतो, काँग्रेस दोन तृतीयांश मतांनी तो नकार उलटवते. शह आणि काटशह, मात कोणावरच नाही. या रोखण्यातून नियंत्रण आलं, नियंत्रणातून पडताळणी. डॉक्टरांचं चेकअप इथे बसतं.

बँकेच्या चेकबद्दल मात्र भांडावं लागेल. अरबीत ‘सक्क’ म्हणजे लेखी दस्त, त्यावरूनच चेक आला, असं हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं. अरब व्यापारी सक्क वापरत, हे खरं. पण आवाज जुळला आणि अर्थ जुळला म्हणजे रक्ताचं नातं ठरत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत हा शब्द कागदाला लागला तेव्हा तो पैसे देण्याच्या चिठ्ठीला लावत नसत. तो लावत स्थळप्रतीला, म्हणजे चिठ्ठी फाडून दिल्यावर आपल्याकडे उरतो त्या तुकड्याला. खोटेपणाला शह देणारा तुकडा, म्हणून चेक. पुढे ते नाव फाडून दिलेल्या भागाला चिकटलं. दस्त या अर्थाचा अरबी शब्द आधी स्थळप्रत कसा झाला, हे सक्कवाल्यांनी एकदा सांगून टाकावं.

ब्रिटनमध्ये बँकेच्या चेकचं स्पेलिंग वेगळं आहे, त्याच्या शेवटी ‘क्यूयूई’ येतं. जेम्स विल्यम गिलबार्ट या बँकतज्ज्ञाने १८२८ च्या सुमारास ते पसंत करताना कारण दिलं होतं की घोटाळा होत नाही आणि ‘एक्स्चेकर’शी, म्हणजे राजाच्या खजिन्याच्या नावाशी, मेळ बसतो. एक्स्चेकर! खरं तर मला सगळं उत्तर याच शब्दावर लिहायचं होतं. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका टेबलावर होई. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकात त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे: दहा फूट लांब, पाच फूट रुंद, चार बोटं उंच कड, वर रेघारेघांचं काळं कापड. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड, असे रकाने. परगण्याचा शेरीफ वसुलीचा हिशेब द्यायला बसे आणि सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी होई, कारण रोमन आकड्यांत कागदावर हिशेब करणं म्हणजे शिक्षाच. पट बुद्धिबळाच्या पटासारखा, म्हणून फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’, त्याचं एक्स्चेकर. फिट्झनील स्वतःच म्हणतो की इथे लढाई खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर आहे, म्हणजे पटाचा कारभारी. शर्टावरचे चेक्सही याच पटाचे. आपल्याकडे त्याला चौकडी म्हणत, चौकडीचं लुगडं म्हणत, आणि तो शब्द काही वाईट नव्हता.

आता ‘मात’. ‘शाह मात म्हणजे राजा मेला’ हे वाक्य पुस्तकापुस्तकांत आहे, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. मला ते पटत नाही. बुद्धिबळात राजा मरतच नाही, त्याला पटावरून कुणी उचलत नाही. फारसीत ‘मात’ म्हणजे थक्क, हतबल झालेला, आणि पटावरच्या राजाची अवस्था नेमकी तीच असते. फारसीत निस्तेज, चमक नसलेल्या गोष्टीलाही मातच म्हणतात, आणि फ्रेंचमध्येही ‘मात’ म्हणजे निस्तेज. भिंतीच्या रंगाचं ‘मॅट फिनिश’ तिथूनच आलं. काही कोश हा फ्रेंच शब्द झिंगलेल्या माणसासाठीच्या लॅटिन शब्दाकडे नेतात. नेऊ देत. माझ्या मते मॅट लिपस्टिक ही हरलेल्या राजाचीच नातेवाईक आहे, आणि आपलं ‘मात करणे’ हेही.

चेकआउट म्हणजे हिशेब पडताळून, नोंदवहीत नावापुढे खूण करून निघणं. त्यात फार काही नाही.

धनादेश राहिलाच. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात चेकची व्याख्या आहे: ठरावीक बँकेवर काढलेला, मागताक्षणी पैसे देण्याचा लेखी हुकूम. धन देण्याचा आदेश. स्थळप्रतीवरून नाव मिळालेल्या इंग्रजी शब्दापेक्षा हा नेमका आहे. मी लिहिताना धनादेश लिहितो, बोलताना चेक म्हणतो.