उबुंटूवरून पेनड्राइव्हवर गाणी टाकताना काही फाइली ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून का अडतात?

तुम्ही म्हणता की गाडीत ऐकायला शास्त्रीय संगीताचा फोल्डर पेनड्राइव्हवर टाकताना काही गाणी जातात, काही अडतात, आणि ‘प्रात:कालीन राग’ हा अख्खा फोल्डरच जात नाही. दुसरा पेनड्राइव्ह आणू नका, त्यावरही हेच होईल. घोळ नावांत आहे.

डिस्कवर फाइली साठवायच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. लॅपटॉपच्या डिस्कची बहुधा ईएक्सटी४ असेल. तिथे नावात / सोडून जवळपास काहीही खपतं. पेनड्राइव्हची सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, आणि त्याला \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हं नावात चालत नाहीत. देवनागरीचं त्याला काही वावडं नाही, त्यामुळे केवळ कॉपीसाठी सगळी नावं रोमनमध्ये करत बसायची गरज नाही.

आता तुमचा फोल्डर. ‘प्रात:कालीन’मध्ये विसर्ग नाहीच, कोलन आहे. मराठी टाइप करताना हे सर्रास होतं. दिसायला दोन्ही सारखेच. खरा विसर्ग (ः) टाकलात की फोल्डर निमूट जाईल. तीच गत ‘राग यमन: विलंबित | द्रुत’ची. इथे कोलन आहेच, शिवाय दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ. खरा दंड (।) चालतो.

आधी लॅपटॉपवरच फोल्डरची एक प्रत करा आणि नावं तिच्यातच बदला. मूळ नावांना हात लावलात तर प्लेअरच्या जुन्या प्लेलिस्टना गाणी सापडायची नाहीत. मग उबुंटूच्या ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये सगळं सिलेक्ट करून एफ२ दाबा, ‘शोधा आणि बदला’चा पर्याय मिळेल. क्रम महत्त्वाचा आहे: पहिल्यांदा ‘कोलन आणि पुढे स्पेस’ शोधून तिथे ‘ - ’ घाला, नंतर उरलेल्या कोलनच्या जागी विसर्ग. उलट केलंत तर ‘यमनः विलंबित’ असं भलतंच होऊन बसेल. उभ्या रेघेला दंड द्या, प्रश्नचिन्ह सरळ उडवा. आतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये हे वेगळं करावं लागतं, तेवढा कंटाळा आहे.

फाइली शेकड्यांनी असतील तर पिकार्ड हे गाण्यांचे टॅग आणि नावं नीट करणारं सॉफ्टवेअर वापरा. त्याच्या फाइल नेमिंगच्या सेटिंगमध्ये विंडोज कंपॅटिबिलिटीचा पर्याय आहे, तो ही चिन्हं बदलून टाकतो. पण पिकार्ड नावं टॅगवरून, म्हणजे फाइलीच्या आत नोंदलेल्या गाण्याच्या माहितीवरून बनवतो. कॅसेटवरून उतरवलेल्या, टॅग नसलेल्या गाण्यांसाठी मी त्याच्या वाटेला जात नाही.

एक सांभाळा: फॅटला रोमन लिपीतलं लहान-मोठं अक्षर वेगळं वाटत नाही. नावात तेवढाच फरक असलेल्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये असतील तर ‘रिप्लेस करू का?’ असं विचारलं जाईल. तिथे घाईत ‘हो’ म्हणू नका, एक गाणं पुसलं जाईल.

पेनड्राइव्ह फॉरमॅट करून ईएक्सटी४ करून टाका, असा सल्ला कुणीतरी देईलच. कॉपी होईल, पण गाडीचा स्टिरिओ बहुधा तो ओळखणारच नाही. आणि सगळं नीट होऊनही स्टिरिओवर नावांच्या जागी चौकोन दिसले, तर त्याच्याकडे देवनागरी फॉंट नाही. गाणी तरीही वाजतील. नावं वाचायचीच असतील तर मात्र त्या प्रतीत फाइलींची नावं आणि टॅग दोन्ही रोमनमध्ये करा.